एनव्हिडियाने इंटेलमध्ये पैसे घातले. आता ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यायचं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात डिझायनर असलेल्या तरुणाने विचारलंय. दिवसा जेकार्डची डिझाइन, मध्ये वेळ मिळाला की ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये टॉवेल-चादरींची थ्रीडी चित्रं (माल विणायच्या आधी बाहेरगावच्या ग्राहकाला दाखवायला), आणि रात्री गेम. मशीन आठव्या पिढीच्या इंटेलचं, बजेट तीस हजारांच्या आसपास. नव्या पेठेतल्या दुकानदाराने त्याला सांगितलं, "एनव्हिडियाने इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर घातलेत. आता इंटेलचं आर्क कार्ड बंद होणार, एएमडीला दोघं मिळून खाणार. डोळे झाकून एनव्हिडिया घे." मित्र म्हणतो, एएमडी घे. (तिघीही ग्राफिक्स चिप काढणाऱ्या कंपन्या.) आणि खरा प्रश्न पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे: "काका, कालपर्यंत कोर्टात भांडणारे आज भागीदार कसे? यांच्या भानगडीत माझं कार्ड बेवारस झालं तर?"

मी १९९८ पासून सोलापुरात कॉम्प्युटर जोडतोय, दुरुस्त करतोय. बेवारस झालेल्या कार्डांचं एक खोकं माझ्या माळ्यावर आहे, त्यामुळे ही धास्ती मला कळते.

बातमी खरी आहे. तिचा अर्थ मात्र दुकानदाराचा स्वतःचा. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने इंटेलचे शेअर २३.२८ डॉलर भावाने, एकूण ५ अब्ज डॉलरचे घेणार असल्याचं जाहीर केलं. सोबत दोन कामं ठरली. इंटेलने एनव्हिडियासाठी डेटा सेंटरचे प्रोसेसर बनवायचे, आणि साध्या पीसीसाठी असे प्रोसेसर काढायचे की ज्यात एनव्हिडियाची आरटीएक्स ग्राफिक्स चिप शेजारीच बसवलेली असेल. आर्क बंद करू, असं त्या घोषणेत कुठेही नव्हतं. एएमडीला लॅपटॉपच्या बाजारात याचा त्रास होऊ शकतो, एवढं मी मान्य करतो. खाणार वगैरे काही नाही.

आता याच दोघांचा मागचा हिशेब बघा. एके काळी एनव्हिडिया मदरबोर्डवरचे चिपसेटही (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिप) बनवायची, इंटेलच्या परवान्यावर. तेव्हा रॅम सांभाळणारा भाग चिपसेटमध्ये असायचा. इंटेलने तो उचलून थेट प्रोसेसरच्या आत घेतला आणि म्हटलं, जुन्या करारात हे नवे प्रोसेसर बसत नाहीत. २००९ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. जानेवारी २०११ मध्ये तडजोड झाली ती अशी, की इंटेलने एनव्हिडियाला १.५ अब्ज डॉलर हप्त्याहप्त्याने द्यायचे आणि दोघांनी एकमेकांची पेटंट वापरायची. तोवर एनव्हिडिया चिपसेटच्या धंद्यातून बाहेर पडली होती. म्हणजे तेव्हा पैसे इंटेलने मोजले, आता एनव्हिडियाने मोजले. मधल्या काळात कोणाचं कार्ड बंद पडलं? कोणाचंच नाही.

हे समजायला तुम्हाला लांब जायला नको. आपल्याकडे टॉवेलचे दोन कारखानदार एकमेकांचा ग्राहक पळवायला टपलेले असतात, पण दोघांचं सूत रंगायला एकाच डाइंगमध्ये जातं. तिथे नंबर लावावा लागतो, आणि ज्याचा माल मोठा त्याचा नंबर आधी. ग्राफिक्स चिपच्या धंद्यातलं ते डाइंग म्हणजे तैवानची टीएसएमसी. एनव्हिडिया आणि एएमडी दोघींकडे स्वतःचा चिप बनवायचा कारखाना नाही. एएमडीचा होता, तो तिने २००९ मध्ये वेगळा काढला, तीच ग्लोबलफाउंड्रीज. एनव्हिडिया तर पहिल्यापासून दुसऱ्याच्या मागावर विणून घेणारी. एकदा, २०२० च्या आरटीएक्स ३० मालिकेसाठी, ती सॅमसंगकडे गेली, पुढच्या मालिकेला परत टीएसएमसीकडे आली. सगळ्यात गंमत इंटेलची. तिचे स्वतःचे कारखाने आहेत, तरी आर्क ए७७० आणि बी५८० या कार्डांवरच्या चिप टीएसएमसीनेच बनवल्यात. दुकानाच्या फळीवर तीन रंगांचे तीन खोके दिसतात ना, त्यांच्या पोटातला माल एकाच भट्टीतला.

वर आणखी भावकी आहे, ती वेगळीच. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग आणि एएमडीच्या प्रमुख लिसा सू, दोघांचा जन्म तैवानचा, आणि दोघं लांबचे नातेवाईक लागतात. हुआंग उमेदवारीच्या काळात एएमडीतच नोकरीला होते.

आता तुमची बेवारसाची भीती. ती काढायची तर थ्रीडीएफएक्सची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण या धंद्यात सगळ्यात मोठी कंपनी बुडाली ती हीच, आणि ती निव्वळ प्रतिस्पर्ध्याच्या माराने बुडाली नाही.

१९९६ मध्ये त्यांचं व्हूडू कार्ड आलं. सोलापुरात मी पहिल्यांदा ते पाहिलं दोनेक वर्षांनी, एका गेम पार्लरसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं. ४ एमबी मेमरी. ते फक्त थ्रीडीचं काम करायचं, साधी स्क्रीन दाखवायला दुसरं कार्ड लागायचंच. पहिल्या कार्डातून एक आखूड केबल व्हूडूत, आणि व्हूडूतून मॉनिटरला. ती केबल उलटी लावली की स्क्रीन काळी, आणि मालक माझ्याकडे असा बघायचा की मीच मशीन जाळलंय. पण गेम सुरू झाला की पार्लरमधली पोरं उठून त्याच एका मशीनमागे उभी राहायची. पाणी पाण्यासारखं दिसायचं, याचंच अप्रूप होतं.

थ्रीडीएफएक्स तेव्हा फक्त चिप बनवायची. कार्ड बनवणारे दुसरे होते: डायमंड, क्रिएटिव्ह वगैरे. चिप यांची, बोर्ड, खोका, जाहिरात आणि दुकानापर्यंतची धावपळ त्यांची. प्रत्येक जण आपलं नाव लावून विकायचा, आणि त्यांच्या आपसातल्या चढाओढीत व्हूडूचं नाव मोठं व्हायचं. डिसेंबर १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सने ठरवलं की मधला नफा दुसऱ्याने का खावा? एसटीबी नावाची कार्ड बनवणारी कंपनी त्यांनी विकत घेतली आणि आपली कार्डं आपणच विकायला काढली. म्हणजे सूत पुरवणारा उद्या तुमच्याच गल्लीत टॉवेलचं दुकान टाकून बसला, आणि वर सूत द्यायचंही बंद केलं, तसं. डायमंड, क्रिएटिव्ह यांनी काय करायचं? त्यांचा धंदा कार्ड विकायचा. ते एनव्हिडियाच्या दारात गेले. एनव्हिडिया तेव्हा लहान होती, पण तिने कार्ड बनवणाऱ्यांच्या वाटेला जायचं टाळलं, आणि दर थोड्या महिन्यांनी नवी चिप हातात ठेवत राहिली. १९९९ मध्ये जीफोर्स २५६ आली तेव्हा ती विकायला फळीभर नावं तयार होती. थ्रीडीएफएक्सकडे एकच नाव उरलं होतं, स्वतःचं, आणि नवी चिप वेळेवर निघेना. डिसेंबर २००० मध्ये तिची पेटंटं, नाममुद्रा आणि बराचसा माल एनव्हिडियाने विकत घेतला.

कार्डं बेवारस झाली ती त्या दिवशी. एनव्हिडियाने मालमत्ता घेतली, जुन्या गिऱ्हाइकांची जबाबदारी घेतली नाही. अधिकृत नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, येणं थांबलं. काही हौशी लोकांनी घरी बसून ड्रायव्हर लिहिले, त्यावर ती कार्डं आणखी थोडी वर्षं चालली. एक नाव मात्र एनव्हिडियाने जपून ठेवलं: एसएलआय. व्हूडू-२ ची दोन कार्डं जोडून एक ओळ याने काढायची, एक त्याने, त्याला थ्रीडीएफएक्स एसएलआय म्हणायची. २००४ मध्ये एनव्हिडियाने तीच तीन अक्षरं नव्या अर्थाने बाजारात आणली. मेलेल्याच्या अंगावरचा कोट चांगला असेल तर हा धंदा तो वाया घालवत नाही.

त्यामुळे कोणी म्हणालं की अमुक दोन कंपन्यांचं भांडण झालं, तर मी फारसा हलत नाही. कंपनी आपल्याच बोर्डवाल्यांशी, नाहीतर मोठ्या गिऱ्हाइकाशी वाकडी वागतेय असं कळलं, की कान टवकारतो.

मोठ्या गिऱ्हाइकाचं उदाहरण एनव्हिडियाचंच आहे, आणि ते उलटं आहे. १९९५ ची त्यांची पहिली चिप एनव्ही१. ती वक्र पृष्ठभागांवर चित्र उभं करायची. बाकी जग, आणि मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टथ्रीडी, त्रिकोणांवर गेलं. एनव्हिडियाने जपानच्या सेगा कंपनीच्या पुढच्या गेम मशीनसाठी चिप बनवायचं काम घेतलेलं होतं, तेही याच चुकीच्या पद्धतीवर. हुआंगनी सेगाचे वरिष्ठ अधिकारी इरिमाजिरी यांना सरळ सांगितलं, की आमचा रस्ता चुकलाय, तुम्ही दुसरा गडी बघा, आणि तरीही आम्हाला पैसे द्या, नाहीतर आम्ही बुडतो. सेगाने ५० लाख डॉलर गुंतवले. त्या पैशांवर १९९७ ची रिव्हा १२८ निघाली आणि कंपनी तरली. सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये शेवटी तिसऱ्याचीच, पॉवरव्हीआरची चिप बसली. त्याच कामासाठी थ्रीडीएफएक्सही रांगेत होती, तिलाही ते मिळालं नाही. काम पुरं न करणाऱ्याला पैसे देणारा गिऱ्हाईक मला तरी सत्तावीस वर्षांत भेटलेला नाही.

आता मित्राची बाजू, एएमडी. २००६ मध्ये एएमडीने कॅनडाची एटीआय ही ग्राफिक्स कंपनी ५.४ अब्ज डॉलरना घेतली. त्या आधीची नाती ऐकाल तर डोकं गरगरेल: एएमडीच्या प्रोसेसरसाठी चांगले चिपसेट बनवायची एनव्हिडिया, आणि एटीआय बनवायची इंटेलच्या प्रोसेसरसाठी. एका खरेदीने दोन घरची सोयरीक मोडली. एएमडीला ती खरेदी अनेक वर्षं जड गेली, पण एटीआयसोबत जे कौशल्य आलं त्याने तिला वाचवलं असं माझं मत आहे. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्स या गेम मशीनमध्ये, २००१ साली, चिप एनव्हिडियाची होती. चिपच्या किमतीवरून मायक्रोसॉफ्टचं आणि तिचं वाजलं, प्रकरण लवादाकडे गेलं. पुढच्या एक्सबॉक्स ३६० मध्ये चिप एटीआयची. सोनीने प्लेस्टेशन ३ साठी एनव्हिडिया घेतली होती, पण २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन दोन्हींत एएमडी बसली, आणि नंतरच्या पिढीतही. दोन्ही घरचा स्वयंपाक जिच्याकडे आहे तिला कोणी एका दिवसात खात नसतं. गेम बनवणाऱ्यांना तिच्या चिपकडे बघूनच काम करावं लागतं.

इंटेल आणि एनव्हिडियाच्या जोडचिपबद्दल मी जो सावध आहे, तो २०१७ मुळे. तेव्हा इंटेल आणि एएमडी, प्रोसेसरच्या बाजारातले जन्माचे वैरी, एकत्र आले. इंटेलचा प्रोसेसर, शेजारी एएमडीची रेडिऑन व्हेगा ही ग्राफिक्स चिप आणि वेगवान एचबीएम मेमरी, सगळं एकाच तळावर. नाव केबी लेक-जी. त्याच आठवड्यात एएमडीच्या ग्राफिक्सचे प्रमुख राजा कोडुरी इंटेलमध्ये गेले, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बनवायला. म्हणजे एका हाताने टाळी दिली आणि दुसऱ्या हाताने माणूस नेला. ती चिप वाईट नव्हती. पण तिची दुसरी पिढी आलीच नाही, २०१९ मध्ये इंटेलने ती बंद करत असल्याचं सांगितलं. अशा मालात अडचण एकच असते: ड्रायव्हर कोणी द्यायचा? चिप एकाची, लेबल दुसऱ्याचं. म्हणून नवी इंटेल-आरटीएक्स चिप असलेले लॅपटॉप येतील तेव्हा पहिली पिढी दुसऱ्याला घेऊ द्या. दुसरी पिढी आली, ड्रायव्हर वेळेवर येताना दिसले, मग आपण.

मेमरीचं थोडक्यात. एचबीएम ही मेमरी एएमडी आणि एसके हायनिक्स यांनी मिळून उभी केली, २०१५ च्या फ्युरी एक्स कार्डात ती पहिल्यांदा आली. दुसऱ्याच वर्षी एनव्हिडियाने तिची पुढची आवृत्ती आपल्या पी१०० या डेटा सेंटरच्या कार्डात घातली, आणि आज एआयची जी महागडी कार्डं एनव्हिडिया विकते ती याच मेमरीवर उभी आहेत. विहीर खणली एकाने, मोट चालली दुसऱ्याची. मॉनिटरचंही तसंच: स्क्रीन फाटल्यासारखी दिसू नये म्हणून एनव्हिडियाने जी-सिंक काढलं, त्यासाठी मॉनिटरमध्ये तिचा वेगळा भाग लागायचा. एएमडीने फ्रीसिंक काढलं, त्याला तो लागत नाही. २०१९ च्या जानेवारीत एनव्हिडियानेही तसे मॉनिटर चालवून घ्यायला सुरुवात केली. तेव्हा मॉनिटर घेताना दुकानदाराने "हा फक्त या कंपनीच्या कार्डाला चालतो" म्हटलं, तर पुढच्या दुकानात जा.

खोक्यावरच्या नावाकडे मात्र लक्ष द्या. तुमची वॉरंटी एनव्हिडिया किंवा एएमडी देत नाही, बोर्ड बनवणारा देतो. आसुस आणि गिगाबाइट दोन्हीकडच्या चिप घेतात, एमएसआयही पूर्वी घ्यायची. झोटॅक आणि पॅलिट फक्त एनव्हिडियाच्या, सफायर फक्त एएमडीच्या. यांच्यातही भावकी आहेच, गेनवर्ड हे नाव पॅलिटच्याच घरातलं. २०१८ मध्ये एनव्हिडियाने या बोर्डवाल्यांसाठी एक योजना काढली होती. तिच्यामुळे त्यांना आपलं गेमिंगचं मुख्य नाव फक्त जीफोर्सला द्यावं लागेल, अशी ओरड झाली. दोन महिन्यांत ती गुंडाळावी लागली. २०२२ मध्ये ईव्हीजीए या अमेरिकेतल्या नावाजलेल्या बोर्ड कंपनीने तर एनव्हिडियाशी संबंधच तोडले आणि कार्डांचा धंदा सोडला, एएमडीकडेही गेली नाही. थ्रीडीएफएक्सचा इतिहास एनव्हिडियात कोणी वाचत असेल तर त्याला हे बघून घाम फुटला पाहिजे. पण आता तिची मिळकत डेटा सेंटरमधून येते, म्हणून फुटत नसावा.

माझाही हात एकदा पोळलाय, २०२१ च्या टंचाईत. क्रिप्टो नाण्यांच्या मायनिंगसाठी लोक कार्डं पोत्याने उचलत होते. एका वितरकाने मला "नवी" म्हणून दिलेल्या तीन कार्डांपैकी दोन वापरलेली निघाली. पंखा हाताने फिरवला तर खरखर आवाज, आणि हीटसिंकच्या पात्यांत राखाडी धूळ. नव्या खोक्यात धूळ कुठून येते? तेव्हापासून सील माझ्यासमोर फोडल्याशिवाय पैसे देत नाही. तुम्हीही देऊ नका.

आता तुमचं मशीन.

जेकार्डच्या डिझाइनला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते काम चौकटी भरण्याचं आहे, त्याला रॅम आणि रंग खरे दाखवणारा मॉनिटर हवा. (छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी माग चालवायचं जेकार्डचं तंत्र १८०४ चं, आणि बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी ते तिथूनच उचललं. कॉम्प्युटरला आपल्या धंद्याचं देणं आहे, उलट नव्हे. असो.) कार्डाचा प्रश्न ब्लेंडर आणि गेमपुरता.

इंटेलचं आर्क बी५८०, १२ जीबी, या पैशात चांगला माल आहे आणि दुसऱ्याला मी ते बिनधास्त सुचवतो. तुम्हाला नाही. कारण बातमी नव्हे, तुमची आठवी पिढी. प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एका दमात दिसावी लागते, त्याला रिसायझेबल बार म्हणतात. ते नसेल तर आर्क अडखळतं, आणि इंटेल स्वतः दहाव्या पिढीपासून पुढची मशीन धरते. म्हणजे दुकानदाराचं "आर्क नको" बरोबर निघालं, कारण सोडून.

ब्लेंडरमध्ये रेंडर, म्हणजे सीनचं तयार चित्र, काढायला एनव्हिडिया पुढे आहे, आणि हे मी काही प्रेमाने म्हणत नाही. तिने कुडा, म्हणजे आपल्या कार्डावर सॉफ्टवेअरची कामं चालवायचा रस्ता, २००६ मध्ये जाहीर केलं, तेव्हापासून सॉफ्टवेअरवाले तिच्यावर लिहीत आलेत. ब्लेंडरने २०२१ मध्ये ३.० आवृत्तीत ओपनसीएल हा जुना सामाईक रस्ता काढून टाकला. एएमडीसाठी हिप आणि नंतर इंटेलसाठी वनएपीआय असे वेगळे रस्ते आले, चालतातही, पण एनव्हिडियाच्या ऑप्टिक्सइतके रुळलेले नाहीत. तुमच्या टॉवेलचे लूप, म्हणजे लाखो केसांसारखे धागे, हेच रेंडरला सगळ्यात जड. तिथे फरक दिसेल.

अडचण मेमरीची. आरटीएक्स ५०६० ला ८ जीबीच आहे. धाग्यांचा सीन त्यात मावला नाही तर वेग धाडकन पडतो. शिवाय ते कार्ड आठच लेनवर (कार्ड आणि बोर्डमधल्या माहितीच्या वाटा) चालतं, आणि तुमचा बोर्ड जुन्या तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसचा (कार्ड बसतं ती खाच), त्यामुळे गेममध्ये थोडं मागे राहील. जुनं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं, सोळा लेनचं. सीलबंद मिळालं तर तुमच्या मशीनला मी तेच घालीन, मॉडेल नवं नसलं तरी. गेम जास्त आणि ब्लेंडर कमी असेल तर एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी बघा, तेही सोळा लेनचं. १६ जीबीवालं बजेटच्या बाहेर जाईल, पण मे महिन्यापर्यंत थांबून घेता आलं तर घ्या.

मे म्हटलं की दुसरी गोष्ट. तुमचं मशीन मागाच्या शेडला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत असेल, तर सोलापूरचे बेचाळीस अंश आणि हवेतले कापसाचे तंतू, दोन्ही कार्डाच्या पंख्यात जातात. महिनाभरात पात्यांवर नमद्यासारखा थर बसतो. एका कारखान्यातलं कार्ड "खराब झालंय" म्हणून माझ्याकडे आलं होतं, थर सोलून काढला, थर्मल पेस्ट बदलली, परत चालू. तेव्हा दोन पंख्यांचं कार्ड घ्या आणि दर पंधरा दिवसांनी ब्लोअर मारा, पंखा बोटाने धरून, नाहीतर उलटा फिरून बेअरिंग जाईल.

खरेदीच्या आधी कॅबिनेट उघडा आणि एसएमपीएसवरच्या (मशीनला वीज पुरवणारा डबा) स्टिकरचा फोटो पाठवा. १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर लिहिलंय आणि कार्डासाठी आठ पिनांची वायर आहे का, ते बघून मग कुठलं कार्ड ते पक्कं सांगतो.